खुंटाला कोण जेवू घालतं

४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती! शाई काय मोजून मिळते का रे तिकडे? शाळेच्या पोरांना झाडांवर तासभर व्याख्यान देतोस आणि आम्हाला चार ओळी.

इकडे ठीक आहे. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आणि घरी आले की मावशी मला धुवायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या खुणा वाचायला लावते. स्वतः चष्मा घालायचं नाव नाही. डाग तिला हाताला कळतो म्हणे.

वादळातून उरलेल्या तुतीला पानं फुटलीत. म्हणजे फळं धरणार, पिकणार, आणि धुतलेल्या चादरींवर टपाटपा पडणार. मावशी आत्तापासूनच तिच्याकडे बघून बोटं मोडायला लागलीय. पण कच्ची तुती चोळून पिकल्या तुतीचा डाग काढायचा, ही युक्तीही त्याच झाडाच्या जिवावर चालते, हे ती सोयीस्कर विसरते. रोज संध्याकाळी खळबळल्याचं शेवटचं पाणी मात्र त्याच्याच बुंध्याशी ओतते. मी हसले तर म्हणाली की भांडण आपल्या जागी आणि पाणी आपल्या जागी.

आता कामाचं. वादळात मोडलेली दुसरी तुती तुम्ही कापलीत ना, तिचा खुंट मरतच नाही. कोंब आला की मी मोडते, पुन्हा येतो. अंगावर एक पान नाही, तरी कापलेली बाजू ओलीगार. कोण जेवू घालतं त्याला, कोण जाणे! त्याच्या मुळांनी धुण्याच्या दगडापुढची फरशी उचललीय. परवा मावशी भरलं घमेलं घेऊन तिथेच अडखळली आणि गुडघा टमटमीत सुजला. तुला कळवू नको म्हणाली, म्हणून कळवतेय. खुंटाला हात लावू देत नाही. त्यावर बसून ती कपड्यांच्या घड्या घालते ना. तू झाडांचा एवढा मोठा अधिकारी, उपाय सांग. आणि ये की एकदा.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून मोठ्या पत्राचं पाणी घाल.

तुझी,
टिटवी

९ एप्रिल

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

घाईत आहे. रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी चालू आहे आणि माणसं कमी. मावशीच्या गुडघ्याचं वाचून जिवाला लागलं. त्या खुंटाचं काय कौतुक घेऊन बसलात? म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं म्हणजे केवढ्याला पडेल!

बियाणांच्या दुकानात झाडं मारायचं औषध मिळतं. खुंटाच्या कडेकडेने गिरमिटाने खोल भोकं पाड, औषध भर, वरून मातीने लिंप. हातमोजे घाल. मुळापर्यंत जातं आणि पुन्हा कोंब म्हणून येत नाही. मावशी हो म्हणणार नाही, तेव्हा ती कपडे पोचवायला गेली की उरकून टाक.

सुट्टी मिळाली की येतोच. मावशीला नमस्कार, तुला एक धपाटा.

तुझा,
दादा

१२ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मावशी घड्या पोचवायला बाहेर पडली आणि मी चोरासारखी गिरमिट घेऊन बसले. खुंट वाळला. मावशीने विचारलं तर मी म्हटलं की आपोआप वाळला असेल, जुना होता. खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे तिला माहीत आहे, पण ती त्या वेळी खुंटाकडेच बघत होती.

आता दुसरंच काहीतरी होऊन बसलंय. उभ्या तुतीची पानं आखडायला लागलीत. आधी खुंटाच्या बाजूची फांदी, मग शेंडा. फळं हिरवीच गळतात. मावशी रोज सकाळी झाडाखाली जाऊन एकेक पान उलटसुलट करून बघते. काल म्हणाली की आपल्या साबणाच्या आणि खळीच्या पाण्यानेच हे झालं; आधी खुंट गेला, आता हिची पाळी. मी म्हटलं, अगं, इतकी वर्षं तेच पाणी घालत आलीस ना? तर म्हणाली, म्हणूनच.

कीड असेल का रे? काय फवारू ते लगेच लिही. जीव टांगणीला लागलाय.

मायेत अंतर नको, आणि उत्तरात तर अजिबात नको.

तुझी,
टिटवी

१७ मे

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि हातातलं काम टाकून हे लिहितोय. काही फवारू नकोस. कीड नाही. मी आहे.

तू एप्रिलच्याच पत्रात विचारलं होतंस, खुंटाला कोण जेवू घालतं. अगं, शेजारची तुती घालत होती! एकाच जातीची झाडं जवळ वाढली की कित्येकदा त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांत मिसळून एक होतात. एकाचा रस दुसऱ्यात जातो. वरून तोडलेला खुंट मग शेजाऱ्याच्या जिवावर जगतो. हेच मी दर शनिवारी पोरांना रंगवून सांगतो, फळ्यावर चित्रं काढतो. आणि ज्या वाटेने जेवण जातं त्याच वाटेने विषही जातं, हे आमच्या खात्यात नव्या माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात. जवळ त्याच जातीचं झाड असेल तर खुंटात औषध घालायचं नाही. ती दोन झाडं माझ्या डोळ्यांपुढे वाढली. दोन्हींच्या मध्ये मी झोके घेतले. एक प्रश्न स्वतःला विचारला असता तर पुरे होता. पण मी पत्र अर्धं वाचलं आणि शहाणपणा पूर्ण केला.

तुझा काही दोष नाही. तू माझ्या शब्दावर गेलीस.

एकच विनंती. मावशीला इतक्यात सांगू नकोस. कदाचित लांबची फांदी तगेल. मी पुढच्या महिन्यात येतो आणि समोर बसून सांगतो. अशी गोष्ट पत्रातून सांगण्यासारखी नाही. खुंटाभोवतीची माती खणून जेवढी मुळं तोडता येतील तेवढी तोड. उशीरच झालाय, तरी तोड.

काय तोंडाने लोभ मागू?

दादा

१० जून

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पुढचा महिना आला आणि त्याचे दहा दिवसही गेले. तू आला नाहीस. छाटणी, बैठक, साहेब, सगळं समजलं. आता माझं ऐक.

मावशीने झाडाला पाणी घालणं सोडलंय. घमेली उचलून अंगण ओलांडून गटारापर्यंत नेते, त्याच गुडघ्याने. मी धरायला गेले तर हिसडा देते. खळ करणं बंद. हॉटेलाच्या चादरी तिने परत पाठवल्या. आपलं पाणी विषारी आहे, आपल्या हातचं काम आता कुणी घेऊ नये म्हणाली. मालक बिचारा स्वतः आला, विनवून गेला. तिने दार अर्धंच उघडलं.

काल मी दुकानातून लवकर आले. ती बुंध्याला हात लावून उभी होती आणि झाडाची क्षमा मागत होती. मोठ्याने, अगदी माणसाची मागावी तशी. मला बघून हात काढला. मग आत येऊन मला विचारलं की लहानपणी मला अंगावर पुरळ यायचं, ते तिने धुतलेल्या कपड्यांमुळे तर नसेल ना. दादा, मी तिच्या समोर उभी होते! माझ्याच हातांनी भोकं पाडली, मीच मातीने लिंपली, आणि मी नुसती नाही म्हणाले आणि चहा ठेवला.

मुळं तोडली. उपयोग झाला नाही. लांबची फांदीही गेली. तू कशाची वाट बघतोयस? झाड तर कधीच गेलं. आता आपण तिला वाळवतोय. तू लिहिणार नसशील तर मी सांगते, आणि तुझ्या नावासकट सांगते.

आशीर्वाद नको, पत्र पाठव. मला नव्हे, तिला.

टिटवी

१४ जून

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टिटवीला वाचायला सांगू नकोस. हट्ट सोड, तिच्या दुकानातला चष्मा लाव आणि स्वतः वाच.

तुती तुझ्या पाण्याने मेली नाही. तुझ्या पाण्यावर ती जगली. मी तिला मारली. खुंटाच्या मुळांनी तू पडलीस म्हणून मी टिटवीला त्यात विष भरायला सांगितलं, तेही तुझ्या पाठीमागे. दोन्ही झाडांची मुळं खाली एक झालेली होती. खुंटात घातलेलं शेजारणीने प्यायलं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच, पण घाईत आठवलं नाही, आणि घाई कसली म्हणशील तर तेही आता सांगता येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे मला हे कळून महिना होत आला. तू स्वतःला दोष देतेस हेही मला माहीत होतं. टिटवीलाही मीच सांगू दिलं नाही. समोर येऊन सांगीन म्हटलं आणि आलो नाही, कारण तुझ्या समोर यायची हिंमत होईना. चोरून साखर खाल्ली तरी तू माझ्याकडे नुसती बघायचीस आणि मी कबूल करायचो. इथे लांब राहून ती नजर चुकवत होतो.

टिटवीला रागावू नकोस. ती माझ्या शब्दावर गेली.

तुझ्या मायेवर माझा हक्क होता असं मी आजवर धरून चाललो. आता विचारून घेतो.

तुझा,
थोरला

१९ जून

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. ते द्यायचेच असतात म्हणून देते.

चष्मा लावला. मेल्या, तुझं अक्षर किती वाईट आहे हे एवढ्या वर्षांनी कळलं.

पत्र धुण्याच्या दगडापाशी उभ्याने वाचायला घेतलं आणि संपेपर्यंत खुंटावर बसले होते. मग टिटवीला हाक मारली. ती दारातच रडायला लागली, म्हणजे विचारायचं काही उरलं नाही. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचा दुकानात घालायचा कोट तेवढा इस्त्री करून खुंटीला लावत होते.

मुळं एक झाली होती म्हणतोस, ते मला पटलं. पहिलं झाड कापल्यावर हिची पानं बारीक झाली होती, फळंही थोडी आली होती. मला वाटलं, सोबत गेली म्हणून खंतावलीय. आता कळतं, आपल्यातलं काढून तिकडे देत होती. घरात एक अंथरुणाला खिळलं की दुसऱ्याचं पोट भरत नाही, तसंच की ते. मी तुमच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात हे केलंय, मला सांगायला नको.

झाडाचं म्हणशील तर चूक झाली. माझ्या गुडघ्यापायी केलंत. झाडासाठी मी रडले, अजून रडेन, पण त्यासाठी तुम्हाला काही म्हणणार नाही.

त्या महिन्याचं मात्र म्हणणार. अरे, मी रात्रंदिवस काय विचार करत होते ठाऊक आहे? ज्याला मी पाणी घालतेय असं समजत आले, त्याला विष घालत होते. मग पोरांचंही असंच झालं असेल. तुम्ही दोघं लांब लांब राहता, एकमेकांना चार ओळी लिहिता, तू येत नाहीस, तिचं कुठे जमत नाही, हे सगळं माझ्याच हातचं कुठलं तरी पाणी असेल. मी तुमच्या आईची क्षमा मागितली रे! आणि तुम्हाला दोघांना माहीत होतं. त्या तुतीला बिचारीला तोंड नव्हतं, आपल्यात काय येतंय ते तिला सांगता आलं नाही. तुमची काय जीभ झडली होती?

असो. हॉटेलाच्या चादरी मी परत मागवल्यात. मालकाने तोंडभर हसून दिल्या. खळ लावली आज.

झाड कापायला तुझ्या खात्याची माणसं धाडू नकोस. स्वतः करवत घेऊन ये. मला ते परक्या हातांनी पाडायचं नाही. आणि सुट्टी मोजून येऊ नकोस, कारण कपडे वाळवायच्या दोरीचं एक टोक या झाडालाच आहे; झाड पडलं की दोरी बांधायला अंगणात भिंतीतला एकच आकडा उरतो. दुसरा खांब रोवून त्याखालचं सिमेंट पक्कं होईपर्यंत दोरीचं ते टोक कुणीतरी हातात धरून उभं राहायला हवं. ओल्या चादरी जड असतात. हात भरून येतील तुझे. येऊ देत.

लोभ आहे. तो घ्यायला समोर यावं लागेल.

तुमची,
मावशी