एकशे ऐंशीवा दिवस

प्रिय छकुली,

फोनवर आपण बोलायला लागलो की पाच मिनिटांत तुझा मुलगा फोन ओढतो, नाहीतर माझी लेक कपाट उघडून तिचा एकच मोजा कुठे गेला म्हणून ओरडते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. आज सुट्टी आहे, लेक पोहायला गेलीय, तेव्हा सरळ कागद पुढे ओढलाय. हसू नकोस. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग वाटेत पांगल्यासारखं.

आधी बातमी. नागरिकत्वासाठीची भाषेची परीक्षा मी पास झाले! लेखीत पाणी वेळेवर येत नाही म्हणून नगरपालिकेला दीडशे शब्दांत तक्रार लिहायची होती. तक्रार म्हणजे आपल्या घराण्याचा हातखंडा, दोनशे शब्द कधी झाले कळलंच नाही. मग तोंडी परीक्षा. समोर एक वयस्कर बाई आणि एक तरुण साहेब. बाईंनी विचारलं, तुमच्या कामाबद्दल सांगा. मी म्हटलं, मी लोकांना दात देते. साहेबांच्या हातातलं पेनच थांबलं. मग सांगितलं की मी कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवते, आणि सगळे दात अगदी सरळ लावले तर माणूस खोटा दिसतो, म्हणून एखादा मुद्दाम जरासा तिरका ठेवते. बाई ऐकता ऐकता स्वतःच्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवायला लागल्या. त्यानंतर साहेबांनी काय काय विचारलं, काही आठवत नाही. पण निघताना बाई म्हणाल्या, ‘तुमच्याकडेच यावं लागणार मला.’

तू म्हणशील, एवढं काय त्यात. तुमच्या देशात वीसच प्रश्न होते, तेसुद्धा उत्तरांसकट पुस्तिकेत छापलेले. पाच वर्षं राहून झाली, वीसपैकी बारा बरोबर आले, हात वर करून शपथ घेतलीस आणि जुना पासपोर्टही जवळच राहिला. इकडे सलग आठ वर्षं लागतात. भाषा लिहिता-बोलता आली पाहिजे, मालकाचं पत्र, दोन शेजाऱ्यांच्या सह्या की ही बाई सभ्य आहे, आणि शेवटी जुना पासपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवून यायचं. म्हणजे उद्या बाबांना भेटायचं तर मलाच व्हिसा काढावा लागणार. जिथे जन्मले तिथे पाहुणी म्हणून जायचं!  

आमच्या प्रयोगशाळेत चहाच्या वेळी हाच विषय. कवळ्या घासून चकचकीत करणारे पॉलिशकाका तुला माहीत आहेत, मी सांगते नेहमी त्यांच्याबद्दल. त्यांना भलत्याच एका देशाचं नागरिकत्व मिळालं, कारण त्यांचे आजोबा तिथे जन्मले होते. काकांनी तो देश पाहिलेला नाही, तिथली भाषा म्हणशील तर ‘पाणी’ एवढाच शब्द येतो. स्वतःच म्हणतात, ‘मी काहीच केलं नाही, जे काय केलं ते आजोबांनी, जन्म घेऊन.’ तुझ्या मुलाला ते पहिल्या रडण्याबरोबरच मिळालं, कारण तुमच्याकडे जो जन्मला तो तिथला. आणि माझी लेक? दोन वर्षांची असताना तिला कडेवर घेऊन आले. याच भाषेत ती माझ्याशी भांडते, याच भाषेत झोपेत बडबडते, तरी कागदावर ती परकीच. मागच्या वर्षी तिचा वर्ग तीन दिवस सीमेपलीकडे सहलीला गेला. हिच्या पासपोर्टला वेगळी परवानगी लागत होती, ती वेळेत आली नाही. मैत्रिणींना तिनं ताप आल्याचं सांगितलं आणि तीन दिवस खोलीचं दार लावून बसली. मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

छकुले, माझी आठ वर्षं कधीच पूर्ण व्हायला हवी होती, हे तुला कधी जाणवलंय का? मी इकडे येऊन पंधरा वर्षं होऊन गेली. आई आजारी पडली तेव्हा माझी सात वर्षं आणि दोन महिने भरले होते. नियम असा की एका वेळी एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की आधीची सगळी वर्षं रद्द. निघताना मला तो नियम तोंडपाठ होता. वाटलं होतं, दोन महिन्यांत आई उठून बसेल. ती उठली नाही. मी तिला पुसायची, कूस बदलून द्यायची, बाबा दाराशी उभे राहून चमचा आणू का, टॉवेल आणू का विचारायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायची. एकशे ऐंशीव्या दिवशी सकाळी आईला पेज भरवत होते. तीन चमचे घेतले तिनं, आणि म्हणाली, ‘तुझं काम खोळंबलं असेल ना गं?’ मी म्हटलं, सुट्टी वाढवून घेतलीय. त्या दिवसानंतर टिंबं देणं बंद केलं. ती गेली त्याच्या पुढच्या पंधरवड्यात घर आवरून, बाबांची व्यवस्था लावून मी परतले. इकडे नागरिकत्वाच्या कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी माझे दिवस दोनदा मोजले, काही चूक निघावी म्हणून. दोनशे बारा. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘आजपासून पहिला दिवस धरा.’ मी त्यांचे आभार मानून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं, आपण नापास झालो का?

आईच्या शेवटच्या दिवसांत तू आली नाहीस, कारण तुझी शपथेची तारीख तीन आठवड्यांवर होती. ‘ताई, ही तारीख गेली तर सगळंच जाईल,’ असं तू फोनवर रडत म्हणालीस आणि मीच तुला येऊ नकोस म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं. पण वर्षभरानं पॉलिशकाकांचा पुतण्या भेटला, तो तुमच्याच देशात राहतो. त्याच्या वडिलांच्या आजारपणात त्यानं एक अर्ज लिहिला आणि शपथेची तारीख चार महिने पुढे गेली. एका पानाचा अर्ज. तुला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक होतं, हे मी आजपर्यंत विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. भीती वाटली की माणूस नियमाच्या आड उभा राहतो, हे मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण साडेसहा वर्षं हे एकटीनं बाळगून आता कंटाळा आलाय, म्हणून तुझ्यासमोर ठेवलं. यावर भांडण नको. रडूही नकोस.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. परवा बाबांच्या डॉक्टरांशी बोलले. मार्चमध्ये ते पडले तेव्हा मोडलेलं खुब्याचं हाड नीट जुळलेलं नाही, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करायची ठरलीय, आणि त्यानंतर तीन महिने घरात कुणीतरी चोवीस तास हवं. तू फोनवर म्हणालीस, ‘ताई, तू जाशीलच ना? तुला सवय आहे.’ मी तेव्हा विषय बदलला, कारण उत्तर नीट द्यायचं होतं. ते असं: मी जाणार नाही. माझी आठ वर्षं भरायला चार महिने उरलेत. शेवटच्या वर्षात एकूण तीस दिवसांवर बाहेर राहता येत नाही, आणि त्यातले चोवीस मार्चमध्ये बाबांपाशीच गेले. लेक सात महिन्यांनी अठरा वर्षांची होईल. त्याआधी मी अर्ज केला तर तिचं नाव माझ्याच अर्जात बसतं, नाहीतर तिला एकटीला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. आईसाठी मी माझी वर्षं दिली, त्याचं दुःख नाही, पुन्हा वेळ आली तरी देईन. पण लेकीची देणार नाही. तुझ्याकडे दोन पासपोर्ट आहेत, हवं तितकं राहून तू हवं तेव्हा परत जाऊ शकतेस, तुझे दिवस कुणी मोजत नाही. मुलाला बरोबर ने, आजोबांची ओळख होऊ दे त्याची. औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर, बाबांना कोणत्या बाजूनं उठवायचं, सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय. आणि तुला विचारायच्या आधीच मी काल बाबांना सांगून टाकलं की या वेळी धाकटी येतेय.   ते म्हणाले, ‘तिची खाट माळ्यावर टाकलीय. शेजारच्यांना सांगून आजच खाली काढून घेतो.’

तुझीच, या वेळी इथेच थांबणारी,
ताई