चौथा चौकोन

कागल, जि. कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २००२

रुद्रेशअण्णा,

नमस्कार. आपली अव्वा बरी आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. अक्षर वाकडं आलं आहे, वाचून घे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

कडबाकुट्टी यंत्राचं ड्रॉइंग मिळालं. ‘सही करून लगेच पाठव, बेळगावातला एजंट थांबलाय’ ही तुझी चिठ्ठीही मिळाली.

सही करणार नाही.

जुलैतली बैठक आठव. मी कागदावर चौकोन काढले होते : वैरण घेणे, ओढणे, कापणे, थांबणे. शेवटच्यावर बोट ठेवून तू विचारलंस, “ह्यो थांबण्याचा पार्ट कुठला? हातात घेऊन दाव की.” तुझे भागीदार बाळासो म्हणाले, “मशीन थांबायला ताईंनी खोली बांधलीया व्हय?” तूही हसलास.

मग संगणकावर तू तुझं मॉडेल फिरवलंस. रंगीत, देखणं. एकेक पार्ट माझ्या चौकोनांशी जुळवलास. चौथ्याला पार्ट मिळेना. तू तो खोडलास. “भिंतीवर बटण हायच की.”

आपण एकाच कॉलेजात शिकलो, अण्णा. तुला चौकोनात वस्तू दिसते, मला काम दिसतं. तुझ्यामुळे गिअर पहिल्या झटक्यात बसले, हे खरंच. पण तुझ्या चित्रात वैरण नव्हती. वैरण सारणारा हात नव्हता.

तू बेळगावला गेल्यावर चाचणी झाली. बाळासोंनी वैरण घालायला गोठ्यावरच्या धोंडुबाईला बसवलं होतं. मी तिला उठवलं आणि स्वतः बसले. ओल्या कडब्यात बाही अडकली. रोलर ओढू लागला. बाळासो भिंतीकडे पळाले. यंत्र थांबलं, पण ते बटणापर्यंत पोहोचल्यावर.

अव्वा म्हणते, खरचटलंय एवढंच लिही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बाळासो सगळ्यांना सांगतात, “ताईंनी हात घालायचाच कशाला?” सांगू देत. धोंडुबाईला रोज घालावा लागणार होता.

रडायला येऊ नकोस. कामाला येणार असशील तर ये. ड्रॉइंग परत पाठवते आहे. त्यावर चौथा चौकोन पुन्हा काढला आहे, रिकामा. त्यात काय बसवायचं ते तू ठरव. पार्ट तुला माझ्याहून चांगले सुचतात. खोडायचा मात्र नाही.

सही फक्त या पत्राखाली आहे. डाव्या हाताची.

विद्याश्री