गांजाची वाफ आणि माझी चूक

त्रिन,

तुला झोप लागली म्हणून उठवलं नाही. तासाभरात येतो.

डॉक्टरांनी मळमळीवर लिहून दिलेला गांजा तुला लागू पडत नाही, असं आपण धरून चाललो होतो. तसं नाही. चूक माझी होती. डॉक्टर धूर नको, वाफ घ्या म्हणाले, आणि मी तीन आठवडे गांजाची फुलं पिठासारखी दळून वाफेच्या यंत्रात ठासत होतो. त्यातून हवाच जात नव्हती. तू म्हणालीस, "एवढी पुस्तकं वाचलीस, आणि चिमूटभर पाला तापवता येईना." मी हसलो, पण आतून घाबरलो होतो. केमोनंतर तुझ्या पोटात काही जात नव्हतं आणि दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता.

काल धीर करून औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, मिरपूड करायची नाहीये. भरड ठेवा, सैल भरा. आणि आजींना सांगा, सावकाश ओढा, कुणी हिसकावून घेत नाही."

आज सकाळी तसंच केलं होतं.

दुपारचं भरून ठेवलंय. एकशे ऐंशी अंशांवर लाव, चव गेली की दोनशे कर. उरलेला तपकिरी चुरा टाकू नकोस. तो लोण्यात शिजवतात म्हणे, पण ते मला जमेलसं वाटत नाही.

डोळा लागण्याआधी तू हेरिंग मासा मागितलास, वर कांदा घालून. तीन आठवड्यांत तू पहिल्यांदाच खायला काही मागितलंस. दोन आणतोय. संपले नाहीत तरी चालेल.

एप्पो