माझ्या कादंबरीविरुद्धचा कट

३ मार्च, रविवार. दुपारी १
आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा. उद्या कुणी म्हणालं की तुला भास झाला, तर तारीख-वारासकट नोंद हवी. दाखवणार अर्थात कुणालाच नाही. कपाटात, स्वेटरखाली.

घडलं ते असं. सकाळी दातवाल्याच्या दवाखान्यात नेहमीची पुस्तकांची बैठक. दातवाला माझा शाळेपासूनचा मित्र. रविवारी दवाखाना बंद, म्हणून वेटिंग रूम आमची. बाकी मंडळी म्हणजे भूगोल शिकवून रिटायर झालेले मास्तर, वकीलबाई, आणि दोन महिन्यांपासून येणाऱ्या एक नर्सबाई. आमच्यात प्रत्येकाची एक कादंबरी ठरलेली आहे. दातवाल्याच्या लेखकाच्या बोटी बुडतात, मास्तरांचा लेखक आगगाडीतून उतरतच नाही, वकीलबाईंच्या लेखिकेकडे दर तीस पानांना एक प्रेत. ज्याची कादंबरी त्याने वर्षातून एकदा तिच्यावर बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. माझी पाळी एप्रिलचा पहिला रविवार. यंदा विसावं वर्ष.

माझी कादंबरी म्हणजे दोन नावाडी भावांची. मध्यावर दोघं जेवायला बसतात. धाकटा ताटावरून उठतो, आणि पानाचं शेवटचं वाक्य असं: ‘तो दारापर्यंत गेला आणि’. बस्स. समोरच्या पानावर, ‘टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात त्याला आता तीन महिने झाले होते.’ दुसरं गाव, दुसरा धंदा. का गेला, काय म्हणाला, भावाने अडवलं का, चकार शब्द नाही. वाक्य असं अर्धवट टाकून द्यायला छाती लागते. त्या ‘आणि’वर मी दरवर्षी चाळीस मिनिटं बोलतो.

तर आज चहा घेताना नर्सबाई म्हणाल्या की ही कादंबरी त्यांनीही कॉलेजात असताना वाचली होती आणि धक्क्यावर मोठा भाऊ कंदील धरून उभा राहतो तिथे त्या रडल्या होत्या.

असा प्रसंग कादंबरीत नाही.

मी काही बोलायच्या आत वकीलबाईंनी बिस्किटांची बशी नर्सबाईंच्या हनुवटीखाली सरकवली. मास्तरांना ठसका लागला. आणि दातवाल्याने टेबलाखालून नर्सबाईंचा पाय दाबला. पडलेलं पेन उचलायला मी वाकलो होतो म्हणून दिसलं. नर्सबाईंनी बिस्किट उचललं.
पाणी कुठेतरी मुरतंय.

४ मार्च, सोमवार. लंच टाइम
विचार करायला कारखान्यासारखी जागा नाही. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो, मी क्वालिटी इन्स्पेक्टर. दर शंभरातलं एक झाकण उचलायचं आणि दोष शोधायचा. सव्वीस वर्षांत एकही सदोष झाकण माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. (एक सुटलं होतं. त्या दिवशी मला सर्दी होती.)
निष्कर्ष: खोटा प्रसंग माझ्या गळी उतरवायचा, मी व्याख्यानात तो घेतला की सगळ्यांनी हसायचं. हेतू: मत्सर. दातवाल्याच्या व्याख्यानाला मास्तर घोरतात, माझ्या व्याख्यानाला घोरत नाहीत. हे त्याला सलत असणार.
संकल्प: कमी बोलणे. जास्त बघणे. बिस्किटं दोनच.

६ मार्च, बुधवार
हिला सगळं सांगितलं. ही इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, की ते पुस्तक मी शेवटचं नीट कधी वाचलं. मी म्हणालो, वाचायची गरजच काय, मला पाठ आहे. बरं, म्हणाली आणि माझ्या शर्टाची बाही पुन्हा इस्त्री केली. ती आधीच करून झालेली होती.
ही त्यांना सामील असण्याची शक्यता नोंदवून ठेवतो.

१० मार्च, रविवार. दुपारी १:३०
आज सापळा लावला. बोलता बोलता सहज म्हणालो, की मोठा भाऊ नाव विकून त्या बदल्यात पोपट घेतो तो प्रसंग मला फार आवडतो. पोपट नाहीच कादंबरीत. माझ्याच डोक्यातून काढला.
मास्तर ताबडतोब म्हणाले, हो हो, सुरेखच आहे तो पोपट. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. नर्सबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात दातवाल्याने त्यांना विचारलं की तुमची खालची दाढ दुखते का, जरा आत या, बघतो. रविवारी. दवाखाना बंद असताना. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की अंगावर काटा आला.
अट्टल खोटारडे आहेत सगळे. वीस वर्षं यांच्यात बसलो.

१२ मार्च, मंगळवार. संध्याकाळी
दातवाल्याचा फोन. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग हळूच म्हणे, यंदा दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर बोल की. मी विचारलं, का. म्हणे, असंच, चेंज म्हणून. चेंज हा शब्द त्याने दोनदा वापरला.
मासा गळाला लागला. म्हणजे माझी खुर्चीच हवी आहे याला.

१३ मार्च, बुधवार. सकाळी ७:४०
ग्रुपवर नर्सबाईंचा मेसेज. वर दिसला तेवढाच: ‘काका, पान १९८ बघा ना, धक्क्यावर’. उघडेपर्यंत डिलीट. पाठोपाठ दातवाल्याचा एका फुलाचा फोटो.
पानांचे आकडे बघत वाचतो तो वाचक नव्हे, कारकून, हे माझं मत मी अनेकदा मांडलं आहे. तरीही आज यांचं पितळ उघडं पाडण्यासाठी एकशे अठ्ठ्याण्णव काढणार. ऑफिसहून आल्यावर.

१३ मार्च. संध्याकाळी ६:१५
१९२. त्याच्यापुढे २०९.
पुन्हा पाहिलं. १९२. २०९.
चोरी.

१३ मार्च. संध्याकाळी ७:५०
शांतपणे तपास केला. हे पुस्तक मी सव्वीस वर्षांपूर्वी कोरं घेतलं. कुणाला देत नाही. फक्त एकदा घराबाहेर गेलं. अकरा वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा दातवाल्याने चार दिवस नेलं होतं. कारखान्यातलं भिंग लावून शिवण पाहिली. फाटल्याची खूण नाही, धागा तुटलेला नाही. इतक्या सफाईने पानं उपटायची तर बारीक हत्यारं लागतात. उपटण्याचा सराव लागतो. आमच्या ओळखीत असा माणूस एकच.
एक अडचण आहे. ‘आणि’वर मी वीस वर्षं बोलतोय आणि पानं गेली अकरा वर्षांपूर्वी. ही अडचण नंतर सोडवू.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ९:१०
ग्रुपवर लिहिलं: ‘माझी सोळा पानं ज्याने उपटली त्याने रविवारपर्यंत आणून द्यावीत. नाव घेत नाही. चिमटे कुणाकडे असतात हे सर्वांना ठाऊक आहे.’
९:१२ मास्तरांचा अंगठा. ९:१३ अंगठा काढून घेतला.
९:३० दातवाल्याचा फोन. घेतला नाही. ९:३४ पुन्हा. घेतला नाही. मग आला नाही.
१०:०० ग्रुप सोडला. कारण दिलं नाही. माझ्या नावाड्यानेही दिलं नव्हतं. पहिली नोकरी मी अशीच सोडली होती, एक अक्षर न बोलता. साहेब अजून कोड्यात असेल. जाणाऱ्याने कारण सांगत बसलं की त्याचं वजन जातं.

१७ मार्च, रविवार
गेलो नाही. अकरा वाजता माझी खुर्ची रिकामी दिसली असेल. सव्वाअकराला अस्वस्थता. साडेअकराला पश्चात्ताप. बारापर्यंत कुणीतरी धावत यायला हवं होतं. लिफ्ट बंद असेल म्हणून खाली जाऊन बघून आलो. चालू होती.

२२ मार्च, शुक्रवार
दातवाल्याचा फोन नाही. माझाही बिघडलेला नाही. हिच्या फोनवरून लावून पाहिला, व्यवस्थित वाजतो.
सुपरवायझर म्हणाला की या आठवड्यात मी तीनशे चांगली झाकणं रिजेक्ट केली. मी म्हणालो, चांगली दिसतात तीच आधी तपासायची.
दातवाल्याशी इतके दिवस न बोलता मी पूर्वी कधी राहिलो होतो ते आठवून पाहिलं. सातवीत. चार दिवस. गोट्यांवरून. तेव्हाही तोच आला होता.

२६ मार्च, मंगळवार. संध्याकाळी
चोरीचा लेखी दाखला घ्यावा म्हणून बाजारामागच्या बाइंडरकडे पुस्तक नेलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, पुस्तकाच्या पाठीवरचं कापड जरासं सोडवलं, आतल्या शिवणीवरून नख फिरवत मोजलं. दोन मिनिटंही लागली नसतील.
म्हणाला, यातून काही काढलेलं नाही, यात ते कधी नव्हतंच. छापखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे एकावर एक रचून शिवतात. रचणाऱ्याने बारावा उचलला, तेरावा राहिला, चौदावा उचलला. तेराव्यासाठी धागाच गेलेला नाही. मी म्हणालो, बघा पुन्हा. त्याने पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, “पहिल्यापासूनच खराब पीस आहे हा. तपासणाऱ्याने तेव्हाच बाजूला काढायला हवा होता.”
मी कुठे काम करतो ते त्याला सांगितलं नाही.

२६ मार्च. तासाभराने
हिला सांगितलं. हिला आश्चर्य वाटलं नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने ते पुस्तक वाचलं होतं. एक गठ्ठा नाही हे तेव्हाच दिसलं, पण मला ठाऊक असेलच असं तिला वाटलं. पुढे मी त्या ‘आणि’वर बोलायला लागलो. मग कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणाली.
आणि दातवाला? तोही तिच्याकडेच आला होता. अकरा वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, पुस्तक हातात धरून. मी वर सलाइन लावून पडलो होतो. त्या दोघांनी चहाच्या टेबलावर ठरवलं की मला कळू द्यायचं नाही. मास्तर आणि वकीलबाईंना त्याने पुढे सांगून ठेवलं. नर्सबाई नवीन, त्यांना सांगायचं राहून गेलं.
म्हणजे कट होता. अकरा वर्षांचा. सूत्रधार दातवाला. माझा संशय शंभर टक्के खरा निघाला. आनंद व्हायला हवा होता. जेवलो नाही.

३० मार्च, शनिवार. दुपारी
दाराच्या फटीतून खाकी पाकीट. सोळा पानांची झेरॉक्स, कोपऱ्यात स्टेपल केलेली. चिठ्ठी नाही. पाकिटावर मागच्या बाजूला दवाखान्याचा शिक्का.
वाचायची नाहीत असं ठरवलं. तीन वाजेपर्यंत.

३० मार्च. साडेचार
‘तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.’
परत फिरतो. ताटावर येऊन बसतो. आणि पुढे पानामागून पान बोलत सुटतो. ज्याच्या मौनाबद्दल मी वीस वर्षं घसा कोरडा केला तो माणूस थांबता थांबत नाही. दोनदा रडतो. कारण काय, तर त्याला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. नावाड्याच्या घरात जन्मून हे कुणाला सांगायचं, म्हणून गिळून बसलेला. मोठा भाऊ सगळं ऐकून घेतो आणि मग सांगतो की त्याला हे ठाऊक होतं. पूर आला की दोन्ही वल्ही तो उगीच स्वतःकडे घेत नव्हता. मग स्वतःच त्याची ट्रंक उचलून धक्क्यापर्यंत जातो आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत कंदील धरून उभा राहतो. पान एकशे अठ्ठ्याण्णव ते दोनशे तीन.
झेरॉक्स फार फिकी आहे. डोळ्यांना पाणी आलं.
पहिल्या साहेबाला काय वाटलं असेल? बहुधा काहीच नाही. बहुधा त्याने दुसरा माणूस ठेवला.

३१ मार्च, रविवार. सकाळी ९
आज जाणार. दातवाल्यापाशी सविस्तर निवेदन करायचं. मुद्दे काढले आहेत, एकूण चौदा: गैरसमजाची पार्श्वभूमी, छपाई व्यवसायातील हलगर्जीपणा, चिमट्यांचा उल्लेख कोणत्या अर्थाने केला होता, इत्यादी. अंदाजे चाळीस मिनिटं. आवाज भरून येणार नाही याची काळजी घ्यायची.

३१ मार्च. दुपारी १
गेलो. चौघंही होती. माझी खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर वकीलबाईंची पर्स होती. ती त्यांनी उचलली.
मुद्द्यांचा कागद खिशातून निघालाच नाही. उभ्या उभ्याच म्हणालो की पानं नव्हतीच, तू घेतली नव्हतीस, माझं चुकलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. आवाज भरून आला.
दातवाल्याने कपात चहा ओतला. ओतताना माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी तुला ऐकायला यायचो रे. पुस्तक काय, माझ्याकडे पूर्ण आहे.”
मी कप घेतला. मास्तर म्हणाले, पोपट मात्र छान होता. बिस्किटं पाच खाल्ली.

मग पुढच्या रविवारचा विषय निघाला. मी सांगितलं की सोळा पानं हाती आली आहेत, व्याख्यान आता सव्वा तासाचं करता येईल. वकीलबाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या, की या कादंबरीवर यंदा, एकदा तरी, ती सबंध वाचलेल्या माणसाने बोलावं. दातवाल्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी अनुमोदन दिलं.
नर्सबाई बोलणार आहेत. माझ्याकडे आभारप्रदर्शन आहे.