नामदेवचा हात

मलकापूर, रविवार, जानेवारी १९६२

आज आमचं तरुण मंडळ स्टेशनापलीकडचं रेल्वेवाल्यांचं चर्च पाहून आलं. प्रार्थनेच्या शेवटी लोक रांगेनं पुढं गेले. म्हातारे पाद्री पाव वाटत होते. प्रसाद समजून आम्हीही उठलो. नामदेव सगळ्यात पुढं, उजवा हात पसरून.

पाद्रींनी पाव दिला नाही. "हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं, बेटा," म्हणाले, अन् त्याचा रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत धरून त्यांनी आशीर्वाद दिला.

मले वाटलं, नामदेव चिडला असेल. रस्त्यानं विचारलं तर म्हणतो, "त्यानं माहा हात धरला बे."

एवढंच बोलला. तो हात काही डोळ्यांपुढून जात नाही. नामदेवचं घर वेशीबाहेर. दर शनिवारी मारुतीच्या देवळात आम्ही पायरीवरून त्याच हातात प्रसाद टाकतो, बोट लागू नये म्हणून. मले आजवर हे काऊन खटकलं नाही?

येत्या शनिवारी वाटायची पाळी माझी. पुजारीकाका ओरडतील, ओरडू देत. मी पायरी उतरणार, त्याचा हात धरणार, अन् मग खोबरं ठेवणार.