प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत

३ मार्च
मावलूदाला पुन्हा चक्कर. तंदूरपाशी बसली ती उठेना. दोन वर्षं दर महिन्याला भयंकर अंगावरून जातंय. मी जीवशास्त्राचा शिक्षक. गर्भाशय फळ्यावर काढतो, घरी मात्र तो शब्द तोंडातून फुटत नाही. संकल्प : उद्या बायकोला डॉक्टरकडे नेणार. स्वतः.

४ मार्च
शाळेत मीटिंग. ती एकटी गेली. पाठवलं मात्र मीच!
फर्गाना शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, चिरा नाही, टाके नाहीत. खालूनच छोटा फुगा आत सरकवून, त्यात गरम पाणी भरून गर्भाशयाचं अस्तर जाळायचं. काही मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. मावलूदा म्हणाली, सोबत या, भीती वाटते. शब्द दिला. मी शब्दाचा पक्का.

११ मार्च, सकाळ
ऑपरेशन प्रसूतिगृहाच्याच इमारतीत. आत सगळ्या बायका. मी फाटकाशी थांबलो. फाटकापर्यंतची सोबत हीही सोबतच. तिने वळून पाहिलं, मी जोरात हात हलवला.

दुपार
शेजारचा एर्गश-आका नेमका तिथून सायकलवर. प्रसूतिगृहाशी मला पाहून मिठीच मारली. या वयात? शाब्बास रे पठ्ठ्या! म्हणाला, तुझ्या आईला बातमी मीच देणार, सुयुंची मलाच! सुयुंची म्हणजे शुभवार्तेची बक्षिसी, ती तो सोडतोय कशाला? खरं सांगायला तोंड उघडलं. 'रक्त' म्हणवेना. तो टांग मारून पसार. जाऊ दे. घरी गेल्यावर सांगेन, शांतपणे.

संध्याकाळ
नाही सांगितलं. आई गल्लीपलीकडे धाकट्याकडे राहते. सून फिकट पडलीय, चक्कर येते, पोट हिवाळ्याच्या ढगळ झग्याआड राहिलं असेल, एवढ्यावर तिने हिशेब जुळवला. एर्गशला नवा झगा देऊन मोकळी! अंगणात बायका, चुलाणावर पुलाव, आईच्या हातात पाळणा.
मावलूदा पोट धरून टॅक्सीतून उतरली. आई म्हणाली, बाळ कुठंय गं? मावलूदाने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीतलं लाकूड सारखं करू लागलो. मग तीच बोलली, सगळ्यांदेखत. बाळ नाही, आई. दोन वर्षं रक्त जात होतं, आज इलाज केला.
आईने पाळणा खाली ठेवून तिला पोटाशी धरलं. अगं पोरी, मला का नाही सांगितलंस?
यांना लाज वाटते, ती म्हणाली.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ मार्च
मावलूदा आईकडेच झोपली. सकाळी चहा घेऊन गेलो. पुढच्या तपासणीला आई जाणार आहे, दुखरे गुडघे घेऊन, थेट खाटेपर्यंत.
मी म्हणालो, मी येतो की.
मावलूदा म्हणाली, कुठपर्यंत?