उपग्रहाच्या मार्गाने आंबेघोल

११ जानेवारी २००४, रविवार
आजपासून ही वही फक्त जीपची. कुणाला दाखवायची नाही.
कॉलेजने मोडीत काढलेला लॅपटॉप घरी आणला. वीस वर्षं लॅब असिस्टंट असल्याचा हा पहिला फायदा. जीपीएस रिसीव्हर मेहुण्याने दुबईहून पाठवलेला आहेच. दोन्ही जोडायचे, जीपमध्ये बसवायचे, झालं. एका आठवड्याचं काम.
संकल्प १: या जीपमधून जाताना कुणालाही रस्ता विचारायचा नाही. आपला अख्खा जिल्हा गाडी थांबवून 'पावणं, ह्यो रस्ता कुठं जातोय' असं विचारत फिरतो. ज्याला विचारावं तोही बहुतेक वेळा परगावचाच असतो, तरी हात करून दाखवतो.
संकल्प २: पहिली ट्रिप आबांना घेऊन आंबेघोलला, आत्तीकडे.
धोंडुबाई आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. गारगोटीच्या पलीकडे डोंगरात दिलेली. दसऱ्यापासून अंथरुणावर आहे. एस्टी फाट्यावर सोडते, तिथून चार किलोमीटर चाल, आणि आबांचे गुडघे गेलेले. त्यामुळे यंदा भाऊबीज चुकली. तिच्यासाठी घेतलेलं हिरवं इरकली लुगडं ट्रंकेत तसंच पडून आहे. आबा रोज विचारतात, कधी जायाचं? आक्का वाट बघतीया.
शालन म्हणाली, जीप चालू आहे, आबांना रस्ता माहीत आहे, उद्याच जाऊन या की. बायकोला सिस्टीम म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला.

१८ जानेवारी
लॅपटॉपला रिसीव्हर दिसत नाही. केबलचं तोंड वेगळं, लॅपटॉपचं भोक वेगळं. दोष माझा नाही.
तरी नव्वद टक्के काम झालं असं धरायला हरकत नाही.

१ फेब्रुवारी
केबल मिळाली. जीप अंगणात उभी करून चाळीस मिनिटं उपग्रहांची वाट पाहिली. शेवटी चार सापडले! स्क्रीनवर ठिपका आला. आम्ही अरबी समुद्रात.
शालनने स्वयंपाकघरातून विचारलं, जेवायला परत येणार का तिकडंच मासं खाणार. हसली. मुद्दाम मोठ्यांदा हसली. शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून.
चूक किरकोळ आहे. नकाशा नीट बसवला नव्हता. एका रिटायर्ड ओव्हरसियरकडून जिल्ह्याचा जुना नकाशा मिळाला आहे, तो तुकड्यातुकड्याने स्कॅन करतोय. जुना आहे पण अस्सल. हल्ली असे नकाशे करतंय कोण?

१५ फेब्रुवारी
आंबेघोलच्या डेअरीतून फोन आला. आत्तीने आता अन्न कमी केलंय, बंधू कधी येतोय एवढंच विचारते. आबांनी फोन ठेवला आणि बाहेर सोप्यात जाऊन बसले.
संध्याकाळी अमरसिंह आला. गल्लीतलाच, त्याचीही जीप आहे. म्हणाला, बाबासो, मी सोडतो की आबांस्नी, उद्या सकाळी निघतो. मी स्पष्ट नाही सांगितलं. आबांना मुलगा आहे, मुलाची जीप आहे. आणि अमरसिंहचं ड्रायव्हिंग म्हणजे काय? दर दोन मैलांवर चहा पिणार आणि चहावाल्याला रस्ता विचारणार. याला तो जंगलसफारी म्हणतो.
आबा काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना पटलं.

२९ फेब्रुवारी
उद्यमनगरातून लॅपटॉपसाठी लोखंडी स्टँड वेल्ड करून आणला. भक्कम. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बरोब्बर बसतो. फक्त तिथं आता माणूस बसू शकत नाही. आबा मागे बसतील. मागे जागा ऐसपैस आहे.
आबा म्हणाले, मागं बसून मला रस्ता कसा दिसंल? मी म्हटलं, तुम्हाला रस्ता दिसायची गरजच उरली नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे.

२१ मार्च, पाडवा
मुहूर्तावर ट्रायल. लॅपटॉपला हळदकुंकू, साखरेची माळ. गडमुडशिंगीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. गल्लीच्या टोकाला बॅटरी उतरली. लॅपटॉपने जीपची बॅटरी पिऊन टाकली. अमरसिंह आणि आणखी चौघांनी ढकलत घरी आणली. ढकलताना अमरसिंह मोठ्याने विचारत होता, पावणं, ही जीप कुठं चाललीया?
या गावात नवीन काही करायची सोय नाही. साखरेची माळ वितळून कीबोर्डमध्ये गेली. 'R' दाबला जात नाही. चालेल. R फारसा लागत नाही.

११ एप्रिल
दुसरी बॅटरी बसवली. आता हादऱ्यांचा प्रश्न. खड्डा आला की लॅपटॉप बंद पडतो. स्पंज लावला, पुरत नाही. मऊ आणि घट्ट घडीचं काहीतरी हवं.
आबा आज स्वतःहून टेबलाशी आले. मला वाटलं लॅपटॉप बघायला. तर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने रस्ता काढून आणला होता. शाळा, डेअरी, चढ, चिंचेचं झाड, शेवटी एक चौकोन आणि त्यात 'आक्का'. म्हणाले, तळं झाल्यापासनं खालचा रस्ता पाण्यात गेलाय, शाळंपासनं उजवीकडं वर जायाचं, ध्यानात ठेव. मी म्हटलं, ठीक आहे. पत्रिका 'इतर' या फाइलमध्ये लावली. वयस्कर माणसाचं मन मोडू नये.

२५ एप्रिल
सिस्टीम पूर्ण! एकच अडचण, उन्हात स्क्रीन दिसत नाही. त्यावरही उपाय काढला. जुन्या छत्रीचं काळं कापड आणि टीव्हीचं खोकं कापून स्क्रीनवर छप्पर केलं. आत डोकं घातलं की सगळं दिसतं. डोकं आत असताना बाहेरचं दिसत नाही, पण सवयीने जमेल.
९ मेला, रविवारी आंबेघोल. नक्की. आबांना सांगितलं. त्यांनी लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं.
शालन म्हणाली, आजही रविवारच आहे. काही लोकांना शिस्तीची ॲलर्जी असते.

४ मे, मंगळवार, सकाळी ७.१०
फोन आला. आत्ती पहाटे गेली.

७.३०
आत्तेभावाने फोनवर सांगितलं, माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलत न्हाय, बारा वाजंपतूर या. आपल्यात तशी रीतच आहे. बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडायला लागतं. म्हणजे आबा पोचल्याशिवाय काही होणार नाही. म्हणजे वेळ आहे.
प्रसंग वाईट आहे. पण सिस्टीमची खरी परीक्षा अशाच वेळी होते. अंतर बासष्ट किलोमीटर. पोचण्याची वेळ १०.१५.

७.५०
अमरसिंह जीप घेऊन दारात उभा. म्हणाला, चला आबा, बसा म्होरं. मी म्हटलं, घरचं मयत आहे, दुसऱ्याच्या गाडीतून जायचं का? आबांनी त्याच्या जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या जीपमध्ये मागे चढले. शालनने त्यांना हात दिला.

८.३५
निघालो. उपग्रह उशिरा आले.

९.१०
खड्ड्याने दोनदा बंद पडला. आबांच्या मांडीवर लुगडं होतं. पाच मिनिटांसाठी मागून घेतलं आणि लॅपटॉपखाली घातलं. घडी अगदी घट्ट. आता हादरा शून्य! हे आधी का सुचलं नाही?

१०.२०
गारगोटी. ठिपका बरोब्बर गारगोटीवर. अंगावर काटा आला. आबांना दाखवायला वळलो, ते डोळे मिटून बसले होते.

११.०५
एक शाळा गेली उजव्या हाताला. आबा मागून काहीतरी ओरडत होते. इंजिनाचा आवाज फार, नीट ऐकू आलं नाही. स्क्रीनवर रस्ता सरळ.

११.२५
रस्ता तळ्यात गेला आहे. डांबराची कड स्वच्छ दिसते, मैलाचा एक दगडही, आणि मग पाणी. मे महिन्यात एवढं पाणी? स्क्रीनवर मात्र रस्ता पुढे चालूच आहे. आंबेघोल १.४ किलोमीटर, असा बाणही दाखवतोय. आणि बाण अचूक आहे, कारण पलीकडच्या काठावर गाव दिसतंय. एका घरापुढे माणसं जमलेली दिसतात.
सिस्टीम बरोबर आहे. तळं नंतरचं आहे.

११.४०
म्हशी घेऊन एकजण आला. मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला, पावणं, हिकडं कुठं? शाळंपासनं वर जायाचं हुतं की. मी त्याला म्हटलं, नकाशात काठाकाठाने एक गाडीवाट आहे. तो म्हणाला, असंल, पण चिखुल हाय. आबा म्हणाले, बाबासो, मागं फिरव. शाळा मागे आठ किलोमीटर. गाडीवाट अडीच. हिशोब सरळ आहे. आणि जीप कशासाठी घेतली मग?

१२.३०
रुतली. चिखल वरून वाळलेला दिसत होता, आत लोणी. चारही चाकं.

१.१५
अजून रुतलेलीच. म्हसवाल्याने आबांना सांगितलं, बांधावरनं चालत जाता येतं, तासभर लागंल, मी येतो संगं. आबांनी माझ्याकडे लुगडं मागितलं. मी म्हटलं, दोन मिनिटं, बंद करून देतो, असंच ओढलं तर हार्ड डिस्क जाईल. आबांनी ओढलं. लॅपटॉप खाली पडला. ते लुगडं छातीशी धरून, म्हसवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले.
मी जीपपाशी थांबलो. कुणीतरी थांबायलाच हवं.

२.४०
लॅपटॉप सुरू झाला! स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा आहे, बाकी ठीक. सात उपग्रह. आजवरचे सगळ्यात जास्त.
पलीकडच्या काठावर धूर दिसतोय.

५ मे
ट्रॅक्टरने जीप काढली. त्याच ट्रॅक्टरमधून आबांना आणलं, लुगड्यासह.
ते दोन वाजेपर्यंत थांबले होते. उन्हात त्याहून जास्त ठेवता येईना. शेवटी सुनेने आपलं लुगडं घातलं आत्तीवर. आबा पोचले तेव्हा पेटवून झालं होतं. हे आबांनी सांगितलं नाही, ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. म्हणाला, म्हातारी दोन महिनं म्हणतीया, माझा बंधू यायचाय.
परतीच्या वाटेत विचार केला. नकाशा अद्ययावत असता तर हे झालं नसतं. मूळ दोष ओव्हरसियरचा.

६ मे
रक्षाविसर्जन. आबा पहाटे अमरसिंहच्या जीपमधून गेले. पुढच्या सीटवर. मला उठवलं नाही. मी जागाच होतो.
अमरसिंह संध्याकाळी सांगत होता, चार ठिकाणी इचारलं, अडीच तासात पोचलो. मला नव्हता सांगत, शालनला सांगत होता.

९ मे, रविवार
आज जायचं ठरलं होतं.

१६ मे
शालनने आबांना विचारलं, लुगड्याचं काय करायचं, कुणाला तरी देऊ या का. आबा उठले, ते घेऊन माझ्या टेबलाशी आले, नीट घडी करून ठेवलं. म्हणाले, घे, घाल तुझ्या मशिनीखाली. आक्काला आता हादरं बसत न्हाईत.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
काय करावं कळेना. बाहेर जाऊन जीपमधल्या स्टँडवर ते ठेवलं. बरोब्बर मापात बसलं. मग वाटलं, मी हे काय करतोय. उचलून घेतलं. घडीत अजून चिखल होता.
'इतर'ची फाइल काढली. पत्रिकेवर शाळेपाशी आबांनी पेन्सिल दोनदा गिरवली आहे आणि उजवीकडे बाण काढला आहे. शेवटी चौकोनात 'आक्का'.
शाळेपाशी आबा काय ओरडले ते मला ऐकू आलं होतं.
लुगडं मांडीवर घेऊन थोडा वेळ जीपमध्ये मागच्या सीटवर बसलो. स्टँड आणि छत्रीचं कापड मध्ये येतं. तिथून पुढचा रस्ता दिसत नाही.